स्कुबात खाली जाणं सोपं, वर यायचं शिकावं लागतं (आणि आपल्याला तर पुढं घाट पण असतो)

डिसेंबर आला की सांगलीतल्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोच, चला मालवणला, स्कुबा करूया (म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाला फिरणं). प्लॅनपण ठरलेला. शनिवारी पहाटे निघायचं, दुपारी सुरमई थाळी, रात्री जरा "बसायचं", रविवारी सकाळी स्कुबा, परत एकदा सुरमई, आणि तीन-चारला गाडी फोंडा घाटाला लावायची कारण सोमवारी ऑफिस. मग मला फोन येतात, आणि प्रश्न कायम तेच. पोहता येत नाही, चालेल का? शार्क असतो का? ऑक्सिजन संपला तर? माझा एक मावसभाऊ आहे तासगावचा, तो म्हणतो, "ताई, खाली गुदमरत नाही व्हय?"

नाही गुदमरत बाबा. पण आजपर्यंत एकानेही मला असं विचारलं नाही की वर कसं यायचं, किती हळू यायचं, आणि वर आल्यावर किती वेळ वरच राहायचं. स्कुबामधे जे काही शिकवतात त्यातलं निम्म्याहून जास्त ह्या एका गोष्टीभोवती फिरतं. आणि आपल्या भागातल्या माणसाचं "वर येणं" पाण्याच्या पृष्ठभागाला संपत नाही, ते घाट चढून सांगली-साताऱ्यात घरी पोचल्यावर संपतं. हे मुंबईवाल्याला लागू नाही, आपल्याला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळा खेळ दाबाचा आहे. आपल्या डोक्यावर हवेचा थर आहे आणि त्याचं वजन समुद्रसपाटीला साधारण एक बार धरतात (बार म्हणजे दाब मोजायचं माप). जन्मल्यापासून ते अंगावर आहे म्हणून जाणवत नाही. समुद्रात 10 मीटर खाली गेलात की नुसत्या पाण्याचा अजून एक बार वाढतो. म्हणजे आकाशापर्यंतच्या आख्ख्या हवेचं जेवढं वजन तेवढंच 10 मीटर पाण्याचं. 20 मीटरवर एकूण 3 बार, 30 वर 4. हातापायाला, पोटाला यातलं काही कळत नाही कारण शरीर बरंचसं पाणीच आहे आणि पाणी दाबून लहान होत नाही. फरक पडतो तो जिथं हवा आहे तिथं, म्हणजे कान, सायनस, फुफ्फुसं आणि डोळ्या-नाकावर लावतात त्या मास्कच्या आतली जागा.

रॉबर्ट बॉइलने 1662 मधे मांडलेला नियम आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केला आणि परीक्षेनंतर सोडून दिला. दाब दुप्पट, आकारमान निम्मं. हा नियम घाटात फुकट बघायला मिळतो. कोकणातून वर येताना वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं, आणि वरून झाकण घट्ट लावून नेलेली रिकामी पाण्याची बाटली खाली उतरल्यावर चेपलेली दिसते. कानाला दडे बसतात ते पण त्यामुळंच. आता गंमत बघा, समुद्रसपाटीवरून सहाशे-सातशे मीटर वर घाटमाथ्यावर आलं की हवेचा दाब फार तर सात-आठ टक्के कमी होतो. तेवढाच फरक पाण्यात पडायला पाऊण मीटर पुरतं. आख्खा घाट कमरेएवढ्या पाण्यात! त्यामुळं बोटीवरून पाण्यात उतरून दोन-तीन मीटर जायच्या आतच नवीन माणूस कान दुखतंय म्हणून हात हलवायला लागतो.

कानाचं आधी सांगते कारण पहिल्या डाइव्हला लोक अडतात ते इथंच. कानाच्या पडद्यामागं एक हवेची पोकळी आहे आणि ती एका बारीक नळीने घशाला जोडलेली आहे. बाहेरचा दाब वाढला की पडदा आत ढकलला जातो, मग घशाकडून त्या पोकळीत हवा सोडून दोन्ही बाजू सारख्या करायच्या. नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद आणि हळूच नाकातून फुंकल्यासारखं करायचं, की कानात फट्ट असा आवाज होतो. घाटात आपण आवंढा गिळून तेच करतो. यात एकच पथ्य आहे, दुखायला लागल्यावर करायचं नाही, दुखायच्या आधी करायचं, दर मीटरभर उतरलं की एकदा. दुखायला लागलंच तर जोर लावून फुंकत बसायचं नाही, थोडं वर यायचं, कान मोकळे करायचे, मग परत खाली. सर्दी असेल तर ती नळी सुजलेली असते आणि हवा जातच नाही, त्यामुळं सर्दीत डाइव्ह नाही म्हणजे नाही. नाकात ड्रॉप टाकून गेलात आणि त्याचा असर पाण्याखाली उतरला तर येताना हवा आत अडकते, ते अजून वाईट.

आता टाकीत काय असतं. सगळे ऑक्सिजन सिलेंडर म्हणतात पण त्यात साधी हवा असते, आपण बसस्टँडवर घेतो तीच, फक्त गाळून, वाळवून आणि दाबून भरलेली. 21 टक्के ऑक्सिजन, बाकी जवळपास सगळा नायट्रोजन. निव्वळ ऑक्सिजन भरून दिला तर सहा-सात मीटरच्या खाली तोच विषारी व्हायला लागतो, झटके येऊ शकतात. 12 लिटरच्या टाकीत 200 बारने हवा भरली की वरच्या हिशोबाने ती 2400 लिटर होते. शांत माणूस मिनिटाला साधारण 20 लिटर हवा घेतो धरा, म्हणजे जमिनीवर दोन तास पुरेल. पण 10 मीटरवर दाब दुप्पट म्हणून प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जाते, तासाभरात खल्लास. 20 मीटरवर 40 मिनिटं. त्यातली साधारण 50 बार कायम राखून वर यायचं असतं. आणि घाबरलेला माणूस धापा टाकतो, त्याची टाकी निम्म्या वेळेत संपते. म्हणून इन्स्ट्रक्टर सारखा हात खाली-वर करून "सावकाश, सावकाश" सांगत असतो.

मग लांब नळी वर काढून श्वास घेतला तर? सिनेमात हिरो बोरूची नळी तोंडात धरून तळ्यात लपतो ना. ते मीटरभर खोलीला पण जमत नाही, कारण छातीवर बाहेरून पाण्याचा दाब असतो आणि नळीतल्या हवेला फक्त वरच्या हवेचा. श्वासाचे स्नायू तेवढ्या दाबाविरुद्ध छाती फुगवूच शकत नाहीत. हा प्रश्न 1943 मधे फ्रान्समधे जाक कुस्तो आणि एमिल गॅन्यान या दोघांनी नीट सोडवला. गॅन्यान इंजिनियर. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालवायला त्याने एक व्हॉल्व्ह केला होता, तोच सुधारून त्यांनी रेग्युलेटर बनवला. तुम्ही जेवढ्या खोलीवर आहात बरोबर तेवढ्याच दाबाची हवा, आणि ती पण ओढलीत तरच. तोंडातला तो रबरी तुकडा म्हणजे हीच करामत आणि आज पण तत्त्व तेच आहे.

आता खरा मुद्दा. आपल्याकडं बहुतेक जण पोहायला कृष्णेत नाहीतर मामाच्या विहिरीत शिकलेले. पाठीला डबा बांधून ढकलून दिलेलं, मग सूर मारायला लागलेलं, मग तळातला दगड काढून आणायची पैज. विहिरीत तळाला जायचं तर एकच नियम, छाती भरून श्वास घ्यायचा आणि धरून ठेवायचा. स्कुबात हाच नियम माणसाला मारू शकतो.

कसं ते बघा. विहिरीत तुम्ही वर श्वास घेतला, खाली गेलात, फुफ्फुसातली हवा दबून लहान झाली, वर आलात, परत होती तेवढी झाली. हिशोब बरोबर. स्कुबात तुम्ही श्वास खाली घेताय. 10 मीटरवर छाती भरून 5 लिटर हवा घेतली, ती दुप्पट दाबाची आहे, ती तशीच धरून वर आलात तर पृष्ठभागापर्यंत तिची 10 लिटर होणार. फुफ्फुसात 10 लिटरला जागा नाही. मग ती फाटतात आणि हवा रक्तात शिरून थेट मेंदूकडं जाऊ शकते. म्हणून स्कुबाचा नंबर एकचा नियम, श्वास कधीही धरायचा नाही, सतत आत-बाहेर चालू ठेवायचा, रेग्युलेटर तोंडातून निघाला तर बारीक बुडबुडे सोडत राहायचं. आणि हे उथळ पाण्यात पण लागू आहे, उलट उथळातच जास्त, कारण 30 वरून 20 वर येताना हवा 4 बारची 3 बार होते म्हणजे तिसऱ्या हिश्श्याने फुगते, पण शेवटच्या 10 मीटरात दुप्पट. भरलेल्या छातीने दीड मीटरवरून वर उसळी मारली तरी इजा होऊ शकते. "अगं पाचच मीटरवर तर नेतात, त्यात काय" असं म्हणणाऱ्यांनी ही ओळ परत वाचा.

मला तर वाटतं पट्टीचा विहीरवाला शिकवायला अवघड. ज्याला पोहता येत नाही तो घाबरत का होईना, सांगितलंय तसा श्वास घेत राहतो. विहीरवाला जरा काही झालं की सवयीने श्वास रोखतो आणि वर बघतो.

दुसरी गोष्ट नायट्रोजनची. हवेतला ऑक्सिजन शरीर वापरतं, नायट्रोजन वापरत नाही. दाबाखाली श्वास घेताना तो रक्तात आणि तिथून स्नायू, चरबी, सांधे सगळीकडं विरघळत जातो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. सोड्याची बाटली असते ना, बूच लावलेलं असताना आत गॅस आहे हे दिसत पण नाही, आणि फटकन उघडली की फेस. माणूस खोलातून फटकन वर आला तर विरघळलेला नायट्रोजन अंगातच बुडबुडे करतो. सांधे ठणकतात, अंगावर पुरळ येतं, हातपाय बधिर होतात, चक्कर येते, फारच झालं तर कमरेखाली लुळं पडू शकतं. 1870 च्या दशकात न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांना हा आजार झाला, आणि पुलाचा मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः त्याने अंथरुणाला खिळला. का होतंय ते तेव्हा नीट कुणाला कळत नव्हतं.

ते टाळायचं कसं याचं उत्तर मिळालं ते शेळ्यांमुळं, माणदेशातल्या लोकांना हे आवडेल. ब्रिटिश नौदलासाठी जॉन हॉल्डेन यांनी शेळ्या दाबाच्या खोलीत ठेवल्या, दाब वाढवला, मग वेगवेगळ्या वेगाने कमी केला आणि कुठली शेळी पाय वर धरून लंगडते ते बघितलं. 1908 मधे त्यांनी निष्कर्ष छापला की दाब साधारण निम्मा होईपर्यंत शरीर चालवून घेतं, त्यापुढं टप्प्याटप्प्यानेच वर यायचं. नंतरच्या लोकांनी ते प्रमाण अजून कडक केलं, पण आज मनगटावर जो डाइव्ह कॉम्प्युटर बांधतात तो त्याच विचाराचा नातू आहे. तो सतत हिशोब करतो की ह्या खोलीवर अजून किती मिनिटं थांबलं तर थेट वर येता येईल. मिनिटाला 9 मीटर किंवा त्याहून हळू वर यायचं, आणि 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, त्याला सेफ्टी स्टॉप म्हणतात. त्या तीन मिनिटांत करायला काहीच नसतं, लोक एकमेकांकडं बघून बोटांनी वेळ मोजतात.

आता ह्यात घाट कुठं आला? डाइव्ह करून वर आलात तेव्हा शरीरात थोडा जास्तीचा नायट्रोजन असतोच, तो पुढचे कित्येक तास श्वासावाटे निघून जातो. त्या वेळात हवेचा दाब आणखी कमी झाला तर शरीराच्या दृष्टीने तुम्ही अजून वरच येताय. म्हणून डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. विमानाच्या केबिनमधला दाब 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा पण वर. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणून डाइव्ह करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था आहे, तिचं सांगणं असं आहे की एकच डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, बऱ्याच डाइव्ह किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान 18 तास थांबा. आणि ते हा हिशोब 2000 फुटांपासूनच्या उंचीला लावतात, म्हणजे साधारण 610 मीटर. सांगली आहे साडेपाचशेच्या आसपास, पण मधे आंबोलीवरून आलात तर ते 690 मीटर, सातारा सातशेच्या वर, आणि महाबळेश्वर-पाचगणी करून घरी जायचा बेत असेल तर तेराशे.

घाबरवायचं नाहीये. मालवणला जी ट्राय डाइव्ह, म्हणजे कोर्स न करता इन्स्ट्रक्टरबरोबर एकदा करून बघायची डाइव्ह, देतात ती पाच-आठ मीटरवर आणि थोड्याच मिनिटांची, तेवढ्यात अंगात नायट्रोजन फारसा मुरतच नाही, संध्याकाळी घाट चढून येणारे रोज शेकडो लोक ठणठणीत असतात. पण तुम्ही कोर्स करताय, दोन-तीन दिवस रोज दोन-दोन डाइव्ह, 15-18 मीटरपर्यंत, तर शेवटच्या दिवशी पाण्यात जायचंच नाही. मालवण बाजार बघा, किल्ला बघा, रात्रभर झोपा आणि दुसऱ्या दिवशी निघा. अंदमानला गेलात तर शेवटचा दिवस सेल्युलर जेलसाठी ठेवा. अजून एक, ह्या आजाराची लक्षणं कधी कधी काही तासांनी येतात, तोवर तुम्ही सांगलीत घरी. खांदा दुखतोय म्हणून तुम्ही जाणार, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांसमोर असा पेशंट वर्षानुवर्षं येत नाही, तर तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? सांगा की काल समुद्रात स्कुबा केलं, इतक्या खोल. आधी ऑक्सिजन देतात, गरज पडली तर हायपरबॅरिक चेंबरमधे परत दाबाखाली ठेवून हळूहळू बाहेर काढतात. आणि रात्री "बसून" सकाळी डाइव्ह हा प्रकार तर सोडूनच द्या, अंगातलं पाणी कमी झालं की धोका वाढतो आणि डोकं जागेवर नसतं ते वेगळंच.

बरं, एवढं करून बघायचं काय? खाली प्रवाळ आहे, आणि प्रवाळ बघितलं की वरचं सगळं सोसलेलं वसूल होतं. सराफकट्ट्यावर मंगळासाठी अंगठीत घालून देतात ते लाल पोवळं पण प्रवाळच, पण ते मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, बरंच खोल वाढणारं, आणि त्याचं बेट वगैरे होत नाही. बेटं बांधणारी प्रवाळं वेगळी. दिसायला दगड किंवा झुडूप, पण आहे तो प्राणी, जेलीफिशच्या नात्यातला. काही मिलिमीटरचा एक एक जीव, वर तोंड, तोंडाभोवती बारीक हात, आणि खाली स्वतःच बांधलेली चुनखडीची वाटी. असे हजारो एकमेकांना चिकटून एक वसाहत. दिवसा बहुतेक हात आत ओढून बसतात, रात्री बाहेर काढून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतात, त्यामुळं नाईट डाइव्हला तोच खडक बघितला तर त्याला लव फुटल्यासारखी दिसते.

पण पोट त्यावर भरत नाही. त्यांच्या अंगात, पेशींच्या आत, एक शेवाळ राहतं. शेवाळ उन्हावर साखर बनवतं आणि बरीचशी घरमालकाला देतं, बदल्यात राहायला जागा आणि खत मिळतं. प्रवाळाचा रंग पण मुख्यतः त्या शेवाळाचाच. म्हणून प्रवाळाला उथळ, कोमट आणि स्वच्छ पाणी लागतं, ऊन तळापर्यंत पोचलं पाहिजे. कोकणात मोठी प्रवाळबेटं का नाहीत याचं एक कारण यातच आहे. सह्याद्रीवरचा पाऊस लाल माती घेऊन छोट्या छोट्या नद्यांनी समुद्रात उतरतो, महाबळेश्वरची सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते ती पण त्यातलीच. गढूळ पाण्यात ऊन पोचत नाही आणि वर गाळ बसला की जीव गुदमरतो. आपली कृष्णा पूर्वेला जाते, पण तिकडं पण तेच, बंगालच्या उपसागराला गोदावरी-कृष्णेचा गाळ. त्यामुळं भारतात प्रवाळ म्हटलं की चारच मोठी नावं, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात. मालवणच्या किल्ल्याभोवती थोडी प्रवाळं आहेत, तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, पण अंदमानचे फोटो बघून मालवणला गेलात तर हिरमोड होईल. तिथं पाणी हिरवट, पाच-सहा मीटर दिसलं तरी चांगला दिवस म्हणायचा. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, तिथं गाळ पोचत नाही म्हणून प्रवाळ मस्त आहे, पण त्याचा माथाच 20 मीटरच्या आसपास खोल, म्हणजे नवख्याचं काम नाही.

लक्षद्वीप तर आख्खंच प्रवाळाने बांधलंय. मधे उथळ निळं खारं तळं आणि भोवती कडं. 1842 मधे डार्विनने याचं कारण मांडलं की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं आणि त्याच्या कडेचं प्रवाळ उन्हासाठी वर वर वाढत राहतं, शेवटी बेट बुडतं आणि कडं उरतं. त्या काळी खोल भोक पाडून बघायची सोय नव्हती, नंतर 1950 च्या दशकात पॅसिफिकमधे प्रवाळबेटावर खोदलं तेव्हा हजारभर मीटरपेक्षा जास्त चुनखडीच्या खाली खरंच ज्वालामुखीचा खडक लागला. आणि ती पांढरीशुभ्र वाळू, ज्यावर सगळे फोटो काढतात, तिच्यातली बरीच पोपटमाशाची विष्ठा आहे. तो चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि चुना बाहेर टाकतो. डाइव्ह करताना हा कुर्रम कुर्रम आवाज चक्क ऐकू येतो, फक्त कुठून येतोय ते कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि दोन्ही कानांना जवळपास एकदमच पोचतो.

डोळे पण फसवतात. मास्कमुळं वस्तू तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते, त्यामुळं डाइव्ह करून आलेला माणूस चार फुटी मासा म्हणाला की मनात तीन फुटी समजायचं, तो थापा मारत नसतो. लाल रंग पाणी पहिल्या काही मीटरातच खाऊन टाकतं, मग सगळं निळं-राखाडी. टॉर्च लावला की जे करडं दिसत होतं ते एकदम लालभडक निघतं.

ह्या सगळ्यात वाईट बातमी अशी की पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश जास्त गरम झालं आणि काही आठवडे तसंच राहिलं तर प्रवाळ आतलं शेवाळ बाहेर टाकतं. मग आतली चुनखडी दिसायला लागते, सगळा रीफ, म्हणजे प्रवाळाचा खडक, पांढरा. लगेच मरत नाही, पण उपाशी असतं, लवकर पाणी निवलं तर सावरतं नाहीतर संपतं. लक्षद्वीपला 1998, 2010, 2016 आणि 2024 मधे हे मोठ्या प्रमाणावर झालं. मधली अंतरं बघा, 12 वर्षं, 6 वर्षं, 8 वर्षं. फांद्यांसारखं प्रवाळ वर्षाला दहाएक सेंटिमीटर वाढू शकतं पण गोल दगडासारखं वाढतं ते वर्षाला एक-दोन सेंटिमीटर, बऱ्याचदा त्याहून कमी. म्हणजे बादलीएवढा गोळा तुमच्या-माझ्या लहानपणापासूनचा असू शकतो, आणि पायातल्या फिनच्या (बदकाच्या पंजासारख्या रबरी पट्टीच्या) एका लाथेने त्याचा कोपरा उडतो.

म्हणून तरंगायला शिकणं सगळ्यात महत्त्वाचं, ना वर ना खाली, मधेच. अंगातल्या जाकिटात, त्याला बीसीडी म्हणतात, बटणाने थोडी हवा भरायची किंवा सोडायची आणि बारीक काम श्वासावर. श्वास घेतला की तळहाताएवढं वर, सोडला की खाली. इथं पण दाब आहेच, वर जाताना जाकिटातली हवा फुगते, त्यामुळं अजून वर जाता, अजून फुगते, आणि बघता बघता माणूस बुचासारखा वर. हवा आधीच सोडत राहायची असते. कशाला हात लावायचा नाही, एक तर प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत, तुकडा खिशात घालून आणलात तर गुन्हा. आणि दुसरं, दगड वाटतो तो स्टोनफिश असू शकतो, त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात.

शार्कचं विचारलं होतं ना, अंदमानला रीफ शार्क दिसतो, तुम्हाला बघून निघून जातो. खरा भांडखोर म्हणजे टायटन ट्रिगरफिश, हातभर लांबीचा. अंडी राखत असेल तर सरळ अंगावर येतो आणि फिन चावतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाते, म्हणून घाबरून वर पळायचं नाही, आडवं निघून जायचं. वर पळाल तर हद्दीतच राहता, आणि फटकन वर येण्याचं काय होतं ते आता माहितीच आहे.

बाकी किरकोळ. पोहता येत नसेल तरी ट्राय डाइव्ह होते, इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो, वय किमान 10 लागतं. कोर्स करायचा तर पोहता यायला पाहिजे, पहिल्या कोर्सवर 18 मीटरपर्यंत जाता येतं. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, आपल्याला सगळ्यात जवळचं तेच. पावसाळ्यात कोकणचा समुद्र बंद, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी बरं. लक्षद्वीपला आपल्याला पण परमिट लागतं, ते आधी काढा. एका माणसामागं एक इन्स्ट्रक्टर आहे का, उथळात पाच-दहा मिनिटं श्वासाचा आणि मास्कमधलं पाणी काढायचा सराव करून घेतात का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. थेट बोटीवरून खाली नेतो म्हणाला तर दुसरा बघा, शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस इथं नको. मिशा राखणाऱ्यांनी, म्हणजे आपल्याकडं निम्म्या लोकांनी, एक लक्षात घ्या, मिशीतून मास्कमधे पाणी शिरतं. नाकाच्या लगेच खालची बारीक रेघ कापली की रबर कातडीला चिकटतं, बाकी मिशी तशीच ठेवा. मावसभाऊ एवढ्यासाठी पण तयार नव्हता, शेवटी पूर्ण डाइव्हभर दर मिनिटाला नाकाने फुंकून पाणी काढत बसला.

आणि तो मेडिकल फॉर्म असतो तो सगळ्या "नाही" वर टिक मारून परत देऊ नका. दमा, फिट, हृदयाचं काही, कानाचं ऑपरेशन, मधे एखादी छातीची शस्त्रक्रिया, गरोदरपण, जे आहे ते लिहा. वर आपल्या डॉक्टरांना विचारून जा, आणि ते नको म्हणाले तर स्नॉर्कलिंग करा, म्हणजे मास्क आणि छोटी नळी लावून वरच तरंगत खाली बघायचं, लक्षद्वीपच्या उथळ तळ्यात छातीएवढ्या पाण्यात पण प्रवाळ दिसतं.